बरगीला जायला एक संध्याकाळ

रांझी

जबलपूरला फिरायला जाणारे मराठी लोक भेडाघाटला संगमरवराचे डोंगर बघतात, बाटलीत नर्मदेचं पाणी भरून घेतात, खोव्याची जलेबी खातात आणि परततात. मला यातलं पहिलं आणि दुसरं करायचं नव्हतं. मी जबलपूरच्या रांझी वस्तीत, बाबांकडे सुट्टीवर गेले होते, आणि सुट्टीवर असलेल्या माणसाने नेमकं काय करायचं असतं, हे मला फारसं आठवत नव्हतं.

मी व्हिएतनाममध्ये, दा नांग नावाच्या समुद्रकाठच्या शहरात इंग्रजी शिकवते. कुठल्या शाळेत नाही. स्वतंत्रपणे, म्हणजे विद्यार्थी मीच शोधायचे, मीच सांभाळायचे, आणि ते सोडून गेले की मीच वाईट वाटून घ्यायचं. सकाळ माझी असते. समुद्रावर जावं, पुस्तक वाचावं, बाजारात उगाच कोथिंबिरीच्या पाच जाती हुंगाव्यात. संध्याकाळ विद्यार्थ्यांची, हॉटेलांत, दवाखान्यांत काम करणारी मंडळी तेव्हाच मोकळी होतात. हिशेब सरळ आहे: शिकवलं तर पैसे, नाही शिकवलं तर समुद्र. तिथे गोऱ्या चेहऱ्याच्या शिक्षकाला मागणी जास्त. सुरुवातीला एका संस्थेने जाहिरातीत माझ्या जागी सोनेरी केसांच्या बाईचा फोटो छापला होता. ती कोण, कोणालाच माहीत नव्हतं. तिचे तास मी घेत असे.

निघण्यापूर्वी तिथल्या एका भाषाकेंद्राने मला पूर्णवेळ नोकरी देऊ केली. व्हिसाची काळजी त्यांची, आजारपणाचा विमा, महिन्याला ठरलेला पगार. बदल्यात माझ्या सकाळी, संध्याकाळी आणि शनिवार-रविवार त्यांचे. सुट्टी संपायच्या आत उत्तर हवं होतं.

बाबांनी ते उत्तर माझ्या वतीने अंगणातच देऊन टाकलं.

"परमनंट आहे?"

"दोन वर्षांचा करार आहे."

"म्हणजे परमनंटच. मग विचार काहून करून राहिली?"

बाबा रांझीतल्या संरक्षण खात्याच्या कारखान्यात आयुष्यभर यंत्रांवर उभे राहिले. आमचे आजोबा विदर्भातून इकडे नोकरीसाठी आले, तेव्हा राज्यांच्या सीमा वेगळ्या होत्या आणि नागपूर-जबलपूर एकाच प्रांतात होतं. पुढे सीमा हलल्या, आजोबा हलले नाहीत. मराठी घरात राहिली, बाकी सगळं हिंदीत गेलं. बाबा निवृत्त झाले, आई गेली, तरी घराचा दिवस अजून कारखान्याच्या भोंग्यावर चालतो. सकाळच्या भोंग्याला चहा, दुपारच्याला जेवण. संध्याकाळचा वाजला की बाबा फाटकाशी जाऊन उभे राहतात आणि सायकली-मोटरसायकलींवरून परतणाऱ्या माणसांना "चलो, हो गई छुट्टी" असं म्हणतात. त्यांच्यातल्या निम्म्यांना ते ओळखत नाहीत.

सुट्टीवर आले होते तरी संध्याकाळचे माझे तास चालूच होते, फक्त संगणकावरून. व्हिएतनामचं घड्याळ आपल्या दीड तास पुढे. तिथे साताला तास सुरू होतो तेव्हा रांझीत साडेपाच वाजलेले असतात आणि संध्याकाळचा भोंगा होतो. पहिल्याच दिवशी मी "शुभ संध्याकाळ" म्हटलं आणि भोंगा सुरू झाला. दा नांगमध्ये वादळ यायच्या आधी खांबावरच्या कर्ण्यांतून सूचना देतात. मिन्ह हा माझा विद्यार्थी हॉटेलात सामान वाहतो; तो उठला आणि त्याने खोलीच्या खिडक्या लावल्या. हिएन नावाच्या परिचारिकेने विचारलं, "टीचर, तुम्ही सुरक्षित आहात?"

मी समजावलं, की हे वादळ नाही, काम संपल्याची खूण आहे.

"मग आपण काम सुरू का करतोय?" मिन्ह म्हणाला. त्याचं इंग्रजी झपाट्याने सुधारतं आहे.

बाबा फाटकावरून परत आले तेव्हा मी पडद्याकडे बघून मोठमोठ्याने बोलत होते. ते दारात थांबून ऐकत राहिले. तास संपल्यावर म्हणाले, "आमचा वाजला का आम्ही सुटायचो. तुझा तर वाजूनच नाही राहिला."

मी म्हटलं, माझ्या सकाळी मोकळ्या असतात.

"असतात. पण सकाळी तू काय करून राहिली? फोनवर कोणाला कोणता तास, हेच तर पाहून राहिली."

हे खरं होतं, म्हणून मी जेवायला वाढलं.

सिहोरा

सिहोऱ्याला माझी आत्या राहते. सिहोरा जबलपूरच्या उत्तरेला, बाजाराचं गाव. डिसेंबरात तिकडची बस पकडली तर माणसांपेक्षा मटाराची पोती जास्त भेटतात. माझ्या शेजारच्या पोत्याने माझ्याइतकीच जागा घेतली होती. ते पोतं एका गृहस्थांचं होतं, त्यांनी मला विचारलं, "दीदी, आप क्या करती हैं?" परदेशात इंग्रजी शिकवते, म्हटल्यावर ते म्हणाले, "अच्छा! अंग्रेज़ों को?" मी नाही म्हटलं, तेव्हा त्यांचा रस संपला.

आत्याच्या गच्चीवर बायका उन्हात बसून मटार सोलत होत्या. व्हिएतनाममध्ये दुपारी कार्यालयांतले दिवे मालवतात आणि कारकून टेबलाखाली चटई टाकून झोपतात. कोणाला त्यात वावगं वाटत नाही. आमच्याकडे हिवाळ्यात उघड झोपत नाहीत. मांडीवर सूप घेतात, म्हणजे काम चालू आहे असं दिसतं, आणि ऊन खात डुलक्या घेतात. दोन्ही देशांचा उद्देश एकच आहे, आमचा जरा लाजरा.

आत्याने पाटवड्यांचा रस्सा केला होता. इतका तिखट, की बोलणं थांबलं. तेव्हाच मला परत निघायला हवं होतं. पण आत्याने हात धरला, "रात रुक जा ना वो, इतक्या दिवसानं आली," आणि गच्चीवर फोनला चांगली रेंज आहे असं तिच्या सुनेने सांगितलं. रेंज होती. वीज गेली. संगणकाची बॅटरी मी बसमध्ये विद्यार्थ्यांच्या निरोपांना उत्तरं लिहिण्यात संपवली होती. गच्चीच्या कठड्याला टेकून मी फोनवर तास सुरू केला, फोनही थोड्या वेळात मान टाकून मोकळा झाला.

सकाळी निरोप आला होता. माझी एक विद्यार्थिनी, विमानतळावर काम करणारी, अतिशय सभ्यपणे लिहीत होती: टीचर, काळजी करू नका. माझ्या मैत्रिणीच्या शिक्षिकेकडे जागा आहे. तुम्ही सुट्टीचा आनंद घ्या.

स्वतंत्र शिक्षकाला सुट्टीचा आनंद घ्या असं कोणी लिहिलं, की समजावं, विद्यार्थी गेला. परतीच्या बसमध्ये मी भाषाकेंद्राचा करार पहिल्यांदा नीट, शेवटपर्यंत वाचला. सही करावी असं बरंचसं ठरत आलं होतं.

पुन्हा रांझी

जबलपूर स्वतःला संस्कारधानी म्हणवतं. ही पदवी शहराला कोणीतरी थोर माणसाने दिली म्हणतात. त्यानंतर शहराने ती प्रत्येक फलकावर लावली आहे, म्हणजे कोणी विसरू नये. त्याच संस्कारांना अनुसरून आमच्या वस्तीतल्या मराठी मंडळाने माझा सत्कार ठेवला. मी विरोध केला. बाबांनी आधीच होकार दिला होता आणि इस्त्रीचा सदरा काढून ठेवला होता.

रविवारी सकाळी ठरलेला कार्यक्रम दुपारच्या जेवणाच्या वासासोबत सुरू झाला. अध्यक्षांनी मला "आंतरराष्ट्रीय कीर्तीच्या भाषातज्ज्ञ" केलं. मग मराठी घराघरांत बोलली गेली पाहिजे, यावर ते बराच वेळ कळकळीने बोलले. मध्येच त्यांचा नातू व्यासपीठावर चढला, त्याला "नीचे उतरो बेटा, दादाजी बोल रहे हैं ना" म्हणाले, आणि कळकळ पुढे चालू ठेवली. मला शाल आणि नारळ मिळाला. डिसेंबरात शाल उपयोगी पडते, एवढं या प्रथेच्या बाजूने म्हणता येईल. उतरताना अध्यक्षांनी हळूच विचारलं, की नातवाला ऑनलाइन इंग्रजी शिकवाल का, आपल्या घरचाच आहे. घरचाच आहे याचा अर्थ दोन्ही देशांत सारखाच होतो: फुकट.

मागच्या रांगेत मेश्राम काका बसले होते. ते आणि बाबा एकाच विभागात, शेजारशेजारच्या यंत्रांवर होते. निवृत्तीनंतर त्यांनी बरगीच्या धरणाजवळ थोडी जमीन घेतली आणि तिकडेच राहायला गेले. पुऱ्यांच्या रांगेत त्यांनी मला गाठलं.

"काय भाषातज्ज्ञ! नारळ फोडणार का परदेशात नेणार?"

"काका, तुम्ही न्या."

"माझ्याकडे झाडं आहेत बेटा. ते सोड. तुझ्या बापाला बरगीला घेऊन ये. इतकी वर्षं जबलपुरात राहिला, धरणाचं पाणी नाही पाह्यलं यानं. किती वेळा बोलावलं. संध्याकाळी नावेत बसू, ताजी मच्छी खाऊ."

बाबा म्हणाले, "अरे, रविवारी ओव्हरटाइम असायचा."

"आता कोणता ओव्हरटाइम आहे बे, खोडे? रिटायर होऊन किती वर्षं झाली?"

बाबांनी पुढची पुरी घेतली. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "हिच्या सुट्टीत जाऊ म्हटलं होतं. पण हिचे तास असतात संध्याकाळी."

तेव्हा मला कळलं, की बाबा रोज भोंग्यानंतर दारात येऊन का थांबत होते. ते माझा तास ऐकत नव्हते. तो संपायची वाट बघत होते, आणि तो संपेपर्यंत अंधार पडलेला असायचा.

मी सांगितलं, की मी एक संध्याकाळ बुडवली आणि एक विद्यार्थिनी गेली. पुन्हा बुडवली तर आणखी जातील.

"बुडवायची काहून?" काका म्हणाले. "बारी दे ना कोणाला."

"म्हणजे?"

"तुझ्या लायनीत दुसरं कोणी नाही का शिकवणारं? आज त्यानं तुझी बारी करायची, उद्या तू त्याची."

मी म्हटलं, आमच्याकडे तसं नसतं. विद्यार्थी एकदा दुसऱ्याकडे बसला की परत येत नाही. सगळे एकमेकांशी हसून बोलतो आणि विद्यार्थ्यांची नावं लपवून ठेवतो.

काकांनी पुरी मोडली. "तुला काय वाटते, महालक्ष्म्यांना तुझा बाप तीन दिवस घरी कसा राहत होता?"

भाद्रपदातल्या गौरींना आम्ही महालक्ष्म्या म्हणतो. ते तीन दिवस बाबा घरात असत. मखर बांधत, पुरण वाटून देत, मला आणि आईला घेऊन चार घरी दर्शनाला जात. वर्षातले ते तीनच दिवस. लहानपणी मी धरून चालले होते, की कारखान्याला महालक्ष्म्यांची सुट्टी असते.

"कारखाना काय विदर्भात आहे?" काका हसले. "तुझ्या बापाची बारी मी करायचो, माझ्या पाळीनंतर. आणि दसऱ्याला मी दीक्षाभूमीला जायचो नागपूरला, आगे-पीछे दोन दिवस धरून, तेव्हा माझी बारी हा करायचा. फोरमनला माहीत होतं. तो म्हणायचा, मशीन चालू दिसली पाहिजे, बस."

"आणि कोणी फसवलं तर?"

"फसवायचे ना," बाबा म्हणाले. "तो बिलहरीवाला आठवते का मेश्राम? सगळ्यांच्या बाऱ्या घेतल्या, करायची वेळ आली का पाठ दुखायची त्याची."

"मग?"

"मग काय. त्याच्या पोरीच्या लग्नात तो मांडवात कमी आणि मशीनवर जास्त होता. कोणीच नाही गेलं त्याच्या जागी."

दोघेही बराच वेळ हसले. मी पुऱ्या खाल्ल्या आणि रेजिनाचा विचार करत राहिले.

रेजिना फिलिपिन्सची. दा नांगमध्ये माझ्याच भागात, माझ्याच प्रकारच्या विद्यार्थ्यांना शिकवते. आम्ही समुद्रावर भेटलो की हवामानावर बोलतो. दोघींनाही ठाऊक असतं, की समोरचीकडे विद्यार्थी किती, हेच फक्त विचारायचं आहे. त्या दुपारी मी तिला लिहिलं: एका संध्याकाळी माझा वर्ग घेशील? तू म्हणशील त्या दिवशी मी तुझा घेईन.

उत्तर आलं: का?

मी लिहिलं: वडिलांना नावेत बसवायचं आहे.

तिने काहीतरी लिहिलं, पुसलं. मग: तू माझा वर्ग कधी घेशील?

तू सांगशील तेव्हा.

पुढचं उत्तर लगेच आलं. नाताळच्या आदल्या संध्याकाळी, तिने लिहिलं. इथे आल्यापासून मी त्या रात्री शिकवते आहे. माझी मुलगी तिकडे घरी, फोनवर एकटीच कॅरोलची गाणी म्हणते.

मी मिन्ह, हिएन आणि बाकीच्यांची नावं तिला पाठवली. पाठवण्याआधी यादी तीनदा वाचली.

बरगी

बरगीच्या फाट्यापर्यंत बस, पुढे काकांची मोटरसायकल. तिघं एकाच गाडीवर, मध्ये बाबा, मागे मी, माझ्या मांडीवर सत्काराचा नारळ. काकांच्या घरी तो काकूंनी रश्शासाठी फोडला, म्हणजे त्याचं एवढ्या दिवसांत पहिल्यांदा काहीतरी झालं.

धरणाचं पाणी बघताना डोळ्यांची काठ शोधायची सवय मोडावी लागते. दा नांगचा समुद्र मोठा आहे, पण त्याला लाटा आहेत, तो सारखा काहीतरी करत असतो. बरगीचं पाणी काहीच करत नाही. मधेच एखादं टेकाड बेटासारखं वर आलेलं, त्यावर बगळे. नाव काकांच्या ओळखीच्या मच्छीमाराची होती. त्याला मी विचारलं, तुमचं गाव कुठलं? त्याने वल्ह्याने खाली पाण्याकडे दाखवलं. "यहीं था," म्हणाला, आणि जाळ्याची दोरी सोडवत राहिला. मी पाण्यात घातलेला हात बाहेर काढला. 

बाबा नावेच्या मधोमध, ताठ, दोन्ही हातांनी फळी धरून बसले होते. थोड्या वेळाने म्हणाले, "आता काय करायचं?"

"काही नाही करायचं बे," काका म्हणाले. "बसायचं."

"बसलोच आहे."

"मग झालं तर."

बाबांनी तसा प्रयत्न केला. आधी त्यांनी नावेच्या फळ्यांचे खिळे तपासले. मग मच्छीमाराला, पाणी कुठून किती येते, हे विचारलं. मग त्यांचे प्रश्न संपले. सूर्य टेकड्यांशी आला, पाणी तांबूस झालं, आणि बाबांनी एकदम मान वर केली, कान दिल्यासारखी.

"वाजला असेल आता," ते म्हणाले.

इथे भोंगा ऐकू येण्यासारखा नव्हता. त्यांनी फळी सोडली. हात मांडीवर ठेवले. काठ येईपर्यंत ते तसेच बसले होते.

मला मात्र दोनदा फोन काढावासा वाटला. एकदा काढलाही. रेंज नव्हती.

रात्री काकूंनी रोहूचा रस्सा आणि भात वाढला. जेवताना बाबांनी विचारलं, "त्या परमनंटमध्ये बारी देता येते का?"

करार मी शेवटपर्यंत वाचलेला होता. "नाही. आपला तास दुसऱ्याला द्यायचा नाही, असं स्पष्ट लिहिलंय. दिला तर करार रद्द."

"फोरमननं मान्य केलं तरी?"

"फोरमनच नाही त्यात. संगणक असतो."

बाबांनी काटा काढून ताटाच्या कडेला ठेवला. मेश्राम काकांकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"मग कसलं परमनंट," ते म्हणाले, आणि अजून भात मागितला.

दा नांग

केंद्राला मी नकार कळवला. त्यांनी अतिशय सभ्य उत्तर पाठवलं आणि दुसऱ्याच दिवशी जाहिरात दिली, सोनेरी केसांच्या बाईसकट. विमा मला नाही, व्हिसाच्या रांगेत मी दर खेपेला उभी राहणार आहे, आणि पावसाळ्यात पर्यटक आटले की हॉटेलवाले विद्यार्थी आटतात, तेव्हा मला हा निर्णय आठवेल. ते मी नाकारत नाही.

बरगीच्या संध्याकाळी रेजिनाकडे बसलेले सगळे विद्यार्थी परत आले, एक सोडून. स्वयंपाकघरात काम करणारा तो मुलगा तिच्याकडेच राहिला. मी विचारल्यावर तिने खांदे उडवले, "त्याला माझे विनोद कळतात." मला तिचे विनोद कळत नाहीत, त्यामुळे वाद घालता आला नाही.

नाताळच्या आदल्या संध्याकाळी मी तिचा वर्ग घेतला. तिच्या विद्यार्थ्यांना सुट्टीच्या दिवसांवर चार वाक्यं लिहायला दिली. रेजिनाने नंतर फोटो पाठवला: पडद्यावर तिची मुलगी, पडद्यासमोर ती, दोघींची तोंडं उघडी. कॅरोल चालू असावं.

तिचा वर्ग अजून संपायचा होता तेव्हा बाबांचा फोन आला. मी विद्यार्थ्यांना लिहू दिलं आणि बाहेरच्या पायऱ्यांवर येऊन घेतला. त्यांनी मी कशी आहे हे विचारलं नाही.

"त्या बाईची बारी झाली का?"

"चालू आहे. आत मुलं लिहून राहिली."

"पूर्ण कर. मध्येच सोडू नको." मागे भोंगा सुरू झाला. बाबा तो संपेपर्यंत थांबले. फाटकाचा कडीकोयंडा वाजला, कोणालातरी "चलो, हो गई छुट्टी" म्हणाले, आणि मग परत फोनवर आले.

"मेश्राम म्हणून राहिला, महालक्ष्म्यांना मखर बांधायला तो येईल. त्या बाईला तुझ्या बारीचं आत्ताच सांगून ठेव."

मी आत गेले, विद्यार्थ्यांच्या वह्या तपासल्या, आणि वर्ग संपल्यावर रेजिनाला लिहिलं: भाद्रपदात तीन संध्याकाळी. भाद्रपद म्हणजे कधी, हे नंतर सांगते.

तिने विचारलं नाही. तिने ईस्टरचे दिवस मागितले.